लेकाची लेक, लेकीचा लेक

वाशिमला बालाजीच्या देवळामागच्या एका गल्लीत, गेल्या वैशाखात, रात्री नऊच्या सुमारास मी एका लग्नघराच्या अंगणात उभी होते. वरात परतली होती. उंबरठ्यावर तांदळाचे माप भरून ठेवले होते, नवरीने पाऊल उचललेही होते, आणि नवऱ्या मुलाची धाकटी बहीण दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून वाट अडवून उभी होती. दार अडवण्याची ही रीत वाचकांपैकी निम्म्यांनी तरी पाहिली असेल. बहिणीने वाट अडवायची, भावाने काय हवे म्हणून विचारायचे, आणि बहिणीने म्हणायचे, "तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील, तर आत ये." भावाला मुलगी झालेली नसते, बहिणीचे तर पुष्कळदा लग्नही झालेले नसते. तरी करार होतो, मंडळी हसतात आणि माप लवंडते.

या मुलीने मात्र मोबाइल फोन मागितला. मंडळी अधिकच हसली.

माझ्या शेजारी आमच्या महाविद्यालयातले गणिताचे प्राध्यापक उभे होते. निवृत्तीला आलेले गृहस्थ, लग्नात जेवायच्या आधी कोणाशी बोलत नाहीत. ते एकदम म्हणाले, "मॅडम, या पोरीने फोन मागून फार मोठी चूक केली. तिने मागायला हवी होती ती क्रमनिरपेक्षता."

मला हसू आले नाही. कारण खासगी आहे, पण ते सांगितल्यावाचून पुढचे सगळे कोरडे होईल. माझ्या आईवडिलांच्या लग्नात रिसोड तालुक्यातल्या आमच्या घराचे दार माझ्या आत्याने असेच अडवले होते. बाबा त्या वेळी बरेच विनोदी असावेत. "एक काय, होतील तेवढ्या दिल्या," असे ते म्हणाले म्हणे. पुढे आत्याला मुलगा झाला, आणि त्याच्यामागून चार वर्षांनी मी झाले. मी पाळण्यात असल्यापासून आत्या मला सूनबाई म्हणे. लहानपणी त्यात लाडच होते. दिवाळीला तिच्याकडून येणाऱ्या माझ्या परकराचा जरीकाठ इतर भाच्यांच्या काठापेक्षा बोटभर रुंद असे. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी नाही म्हणाले. मुलगा वाईट नव्हता, आजही नाही. मला कोणीतरी विचारायला हवे होते, एवढेच. त्यानंतरच्या तीन भाऊबिजांना आत्याने बाबांना ओवाळले, पण जेवून जा म्हणाली नाही. बाबा रात्री घरी येत आणि आईला पिठले टाकायला सांगत.

तेव्हा क्रमनिरपेक्षता ही काय चीज आहे, जी माझ्या आत्याने न कळत मागितली आणि मी न कळत नाकारली, हे समजून घेणे मला भागच होते. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्याच लग्नाची पत्रिका उलटी करून सरांनी मला ते गणित मांडून दाखवले. त्यातले जेवढे मला समजले तेवढेच येथे सांगते.

क्रम बदलला की अर्थ बदलतो, हे भाषेच्या माणसाला कोणी शिकवायला नको. राजकवी म्हणजे राजाच्या पदरचा कवी. कविराज म्हणजे कवींचा राजा, आणि बंगालात गेलात तर वैद्य. नात्यांत हा फरक फारच तीव्र. आईचा भाऊ म्हणजे मामा. भावाची आई म्हणजे आपलीच आई. बायकोचा भाऊ मेहुणा. भावाची बायको वहिनी. षष्ठीचे प्रत्यय तेच, माणसे तीच दोन, फक्त आधी कोण आणि मागून कोण एवढाच फरक. आता स्वयंपाकघरात या. चकलीच्या पिठात आधी तीळ घाला की आधी ओवा, काही बिघडत नाही. पण आधी तळून मग सोऱ्यात घालून पाहा! ज्या दोन क्रिया कोणत्याही क्रमाने केल्या तरी फळ एकच, त्या परस्परांशी क्रमनिरपेक्ष. शाळेत बेरीज-गुणाकारापुरता हा शब्द आपण पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरलो.

हा शब्द लग्नाच्या मांडवात आणला तो आंद्रे वेय या फ्रेंच गणितज्ञाने. माणूस आपल्याला अगदीच परका नाही. १९३० ते १९३२ या काळात तो अलीगढच्या विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता, आणि संस्कृत तर त्याने त्याआधीच पॅरिसला शिकून घेतले होते. त्याची धाकटी बहीण सिमोन ही पुढे तत्त्वचिंतक म्हणून जगभर गाजली. तिनेही संस्कृत शिकले होते. १९४० साली लष्करात हजर न झाल्याबद्दल वेय रूआँच्या तुरुंगात होता, तेव्हा तिथून त्याने या बहिणीला आपले गणित समजावून देणारे एक लांबलचक पत्र लिहिले. तुरुंगातून बहिणीला पाठवलेली ओवाळणी म्हणा हवी तर. पत्रातले गणित इतके अवघड आहे, की ते सगळे तिला समजले असेल असे सरांना वाटत नाही. पण भावाने काय पाठवले यापेक्षा पाठवले हे महत्त्वाचे, हे भाऊबिजेच्या अंकात मी सांगायला नको.

महायुद्धाच्या धामधुमीत वेय अमेरिकेत गेला. तिथे क्लोद लेव्ही-स्त्रोस हा दुसरा निर्वासित फ्रेंच पंडित ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या लग्नाच्या नियमांशी झुंजत बसला होता. नियम इतके गुंतागुंतीचे, की कागदावर मावेनात. तो आधी जाक आदामार या वयोवृद्ध गणितज्ञाकडे गेला. लेव्ही-स्त्रोस यांनी पुढे सांगितलेल्या हकीगतीप्रमाणे आदामारांचे उत्तर अशा अर्थाचे होते, की गणिताला चारच क्रिया ठाऊक आहेत आणि विवाह त्यांत बसत नाही. मग त्याला वेय भेटला. वेय म्हणाला, विवाह म्हणजे काय हे मला कळायची गरजच नाही; एका लग्नाचा दुसऱ्या लग्नाशी काय संबंध, तेवढे सांगा. लेव्ही-स्त्रोस यांचा नातेसंबंधांच्या मूलभूत रचनांवरचा ग्रंथ १९४९ साली निघाला, त्यात वेयचे हे गणित परिशिष्ट म्हणून छापलेले आहे.

युक्ती साधी आहे. माणसे मोजू नका, लग्ने मोजा. समजा, एखाद्या समाजात लग्नाचे ठरावीक प्रकार आहेत: अमक्या घराण्याचा मुलगा आणि तमक्या घराण्याची मुलगी हा एक प्रकार, आणखी कोणा दोघांचा दुसरा. वेयचे पहिले गृहीतक असे, की प्रत्येक माणसाला एकाच प्रकारचे लग्न करता येते. दुसरे असे, की तो प्रकार कोणता हे दोनच गोष्टींवर ठरते: आईबापांचे लग्न कोणत्या प्रकारचे होते, आणि आपण मुलगा आहोत की मुलगी. म्हणजे कोणत्याही लग्नापासून पुढे दोनच पायऱ्या निघतात. एक लेकाची पायरी, दुसरी लेकीची. ('लेक' हा आपला शब्द मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालतो, हे या गणितासाठी फारच सोयीचे आहे. वेयला मराठी येत असते तर त्याने अक्षरांची चिन्हे वापरलीच नसती.)

आता आजी-आजोबांच्या लग्नापासून सुरुवात करा. त्यांना एक लेक आणि एक लेक. भाऊ आणि बहीण. बहिणीचा मुलगा म्हणजे आधी लेकीची पायरी, मग लेकाची. भावाची मुलगी म्हणजे आधी लेकाची पायरी, मग लेकीची. आजीच्या तोंडी घालायचे तर एक 'लेकीचा लेक' आणि दुसरी 'लेकाची लेक'. या दोघांचे लग्न व्हायचे तर दोघेही एकाच प्रकारच्या लग्नाला पात्र हवेत. म्हणजेच आधी लेक मग लेकी आणि आधी लेकी मग लेक या दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या पाहिजेत. दोन पायऱ्या क्रमनिरपेक्ष हव्यात! मामाची मुलगी करता येते, याचा अर्थ बीजगणितात एवढाच. उंबरठ्यावर उभी राहून बहीण जे मागते ते हेच. कविराज आणि राजकवी एकच ठरावेत, असे तिचे म्हणणे असते.

मला खरा धक्का बसला तो यापुढे. मराठीत बहिणी चार जातींच्या: चुलत, मावस, आते, मामे. सरांनी चारही त्या पत्रिकेच्या पाठीवर मांडल्या. चुलत म्हणजे लेकाचा लेक आणि लेकाची लेक. दोघांची पहिली पायरी एकच, लेकाची. ती दोन्हीकडून काढून टाकली तर उरते काय? लेकाची पायरी आणि लेकीची पायरी एकच असावी, ही अट. मावस म्हणजे लेकीचा लेक आणि लेकीची लेक. तिथेही पहिली पायरी सारखी, ती काढली की पुन्हा तीच अट. आणि लेकाची पायरी आणि लेकीची पायरी एकच असणे याचा अर्थ सख्ख्या भावाबहिणीला एकाच प्रकारचे लग्न मोकळे असणे, म्हणजे त्यांचे आपसात लग्न चालणे. चुलतबहीण आणि मावसबहीण सख्ख्या बहिणीसारखीच, हे आपल्या आज्या डोळे वटारून सांगत आल्या, ते बीजगणित तीन ओळींत सांगते. आतेबहिणीची अट आणखी वेगळी: लेकाचा लेक आणि लेकीची लेक, म्हणजे लेकाची पायरी दोनदा चढून जिथे पोचतो तिथेच लेकीची पायरी दोनदा चढून पोचले पाहिजे. मामे आणि आते यांच्या अटी एकमेकींवर अवलंबून नाहीत. एक पाळली जाते तिथे दुसरी पाळली जाईलच असे नाही.

महाराष्ट्रात नेमके हेच दिसते, आणि ते इरावती कर्व्यांनी लिहून ठेवले आहे. 'युगान्त'मुळे आपण त्यांना महाभारताच्या म्हणून ओळखतो. पण डेक्कन कॉलेजात बसून त्यांनी साऱ्या भारतातल्या नातेव्यवस्थेवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९५३ सालचा. उत्तरेत मामाची मुलगी बहीणच, दक्षिणेत मामाची आणि आत्याची दोन्ही चालतात, आणि महाराष्ट्र मध्ये उभा: इथल्या पुष्कळ समाजांत मामाची मुलगी चालते, नव्हे हक्काची, पण आत्याची मुलगी चालत नाही. परंपरेने देशस्थ ऋग्वेद्यांत मामाची मुलगी करत, माध्यंदिनांत आणि कोकणस्थांत नाही. बौधायनानेही आपल्या धर्मसूत्रात दक्षिणेकडच्या चालींमध्ये मामाची आणि आत्याची मुलगी करण्याची नोंद केली आहे. म्हणजे हा वाद निदान दोन हजार वर्षे चालू आहे. माझ्या आत्यावर एकटीवर त्याचा भार टाकणे बरे नव्हे.

आता प्रश्न असा, की एक चालते आणि दुसरी चालत नाही असा समाज दिसतो कसा? सरांनी तीन सुपाऱ्या मागितल्या. स्टाफरूममध्ये सुपाऱ्या कुठल्या? खडूचे तीन तुकडे घेतले. तीन घराणी समजा. पहिले आपल्या मुली दुसऱ्याला देते, दुसरे तिसऱ्याला, तिसरे पहिल्याला. मुलगे आपापल्या घरी राहतात, म्हणजे लेकाची पायरी जागच्या जागी. मुली एक घर पुढे सरकतात. पहिल्या घरच्या मुलाची आई तिसऱ्या घरची, मामा तिसऱ्या घरात, आणि मामाची मुलगी पहिल्या घरीच यायची. जमले. पण त्याची आत्या दिली दुसऱ्या घरी, आणि तिची मुलगी जायची तिसऱ्या घरी. ती काही या घरी येत नाही. मुली एकाच दिशेने वाहतात, उलट फिरत नाहीत. तिसरे घर काढून दोनच ठेवा: याची मुलगी त्याला, त्याची याला. की लगेच मामाची आणि आत्याची मुलगी एकाच घरची, बहुधा एकच मुलगी. याला आपल्याकडे साटेलोटे म्हणतात. हल्ली हा शब्द कंत्राटदार आणि पुढारी यांच्यापुरता उरला आहे. मूळ अर्थाने तो अगदी सभ्य घरांत वावरत होता.

इथे माझ्यातली मराठीची शिक्षिका जागी झाली. जुन्या घरांत सून सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणे. सासू आत्या ठरते ती मुलाने मामाची मुलगी केल्यावर. सासरा मामा ठरतो तो मुलाने आत्याची मुलगी केल्यावर. दोन्ही एकाच घरात नांदायचे, तर तिथे साटेलोटे हवे! म्हणजे आपल्या पूर्वजांनी साटेलोटे केले असे या दोन शब्दांवरून सिद्ध होते का? शब्दांवरून समाजाचा इतिहास इतका सरळ काढू नये, असे मी वर्गात दर वर्षी बजावत असते. आत्याच्या यजमानांना नुसते मानाने मामा म्हणायचीही पद्धत आहे. पण शब्दाला कुठूनतरी वास येतो, एवढे खरे.

आणि विदर्भाच्या माणसाने दूर कशाला जावे? रुक्मिणी आपल्या विदर्भाची. भावाच्या, रुक्मीच्या, मनाविरुद्ध ती कृष्णाबरोबर गेली, त्याने पाठलाग केला, त्याची फजिती झाली, आणि तो भोजकटाला राहिला. पुढे भागवत सांगते, की रुक्मिणीचा मुलगा प्रद्युम्न याने रुक्मीची मुलगी रुक्मवती हिच्याशी लग्न केले. बहिणीला बरे वाटावे म्हणून रुक्मी वैर विसरला. प्रद्युम्नाचा मुलगा अनिरुद्ध याला रुक्मीने आपली नात रोचना दिली. ती अनिरुद्धाच्या मामाची मुलगी. रुक्मिणी, रुक्मवती, रोचना: सलग तीन पिढ्या विदर्भाची मुलगी द्वारकेला, आणि द्वारकेची एकही इकडे नाही. खडूच्या तुकड्यांची चाल अगदी तीच. (रोचनेच्या लग्नातच द्यूतावरून भांडण होऊन बलरामाने रुक्मीला मारले. क्रमनिरपेक्षतेने घरात शांतता नांदतेच, असे कोणी समजू नये.)

लेव्ही-स्त्रोस ज्यांच्याशी झुंजला त्या ऑस्ट्रेलियन व्यवस्थांपैकी सर्वांत सोपी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या करिएरा लोकांची. त्यांचे चार वर्ग: बनाका, बुरुंग, करिमेरा, पल्येरी. बनाका पुरुषाने बुरुंग स्त्रीशीच लग्न करायचे; त्यांची मुले पल्येरी. पल्येरी पुरुषाने करिमेरा स्त्रीशी; त्यांची मुले पुन्हा बनाका. म्हणजे आजोबा आणि नातू एका वर्गात. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, त्याची आठवण होते. लेकाची पायरी दोनदा चढा, मूळ ठिकाणी. लेकीची दोनदा चढा, तरी मूळ ठिकाणी. दोन्ही कोणत्याही क्रमाने चढा, एकाच ठिकाणी. म्हणून करिएरांत मामाचीही चालते आणि आत्याचीही.

अशा क्रियांचा मेळा, ज्यात एकीमागून दुसरी करता येते आणि केलेली प्रत्येक मागेही घेता येते, त्याला गणितात ग्रुप म्हणतात. वर मी चुलतबहिणीच्या हिशेबात पहिली पायरी बेलाशक काढून टाकली, ती या मागे घेण्याच्या सोयीमुळेच. ग्रुपमधल्या सगळ्यांचे सगळ्यांशी क्रमनिरपेक्ष जमत असेल, तर त्याला आबेल या नॉर्वेच्या गणितज्ञाचे नाव देतात. आबेल १८२९ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी गेला. वाङ्निश्चय झालेला होता, लग्न राहिले. लग्नाच्या गणिताला त्याचे नाव यावे, हा योगायोग मला काही सुखाचा वाटत नाही.

यापुढची गोष्ट नावांची. आपल्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितात. नाव बदलते, पण ती कोणाची मुलगी नि कोणाची बहीण, ही नाती तीच राहतात. गणितज्ञ असेच एक घाऊक नामांतर करतात: सगळ्यांची नावे एकदम बदलायची, पण कोणाचा कोणाशी काय संबंध, हे जसेच्या तसे राहिले पाहिजे. अशा नामांतराला ऑटोमॉर्फिझम म्हणतात. नाव भारदस्त आहे, वस्तू ताटातल्या तांदळाएवढी घरगुती आहे. आता असे करा: प्रत्येक लग्नाला त्याच्या लेकाच्या लग्नाचे नाव द्या. सगळा समाज एका पायरीने पुढे सरकला. नियम तेच राहतील का? लेकाचा नियम राहील, त्यात काही अडत नाही. पण लेकीचा नियम टिकायचा तर नव्या नावाच्या घरची लेक तिथेच पोचली पाहिजे जिथे जुन्या लेकीचे नवे नाव पोचते. म्हणजे आधी लेक मग लेकी, आणि आधी लेकी मग लेक, या वाटा एक हव्यात. पुन्हा आली तीच अट! लेकाची पायरी हे निर्धोक नामांतर ठरते ते ती लेकीच्या पायरीशी क्रमनिरपेक्ष असेल तेव्हाच. मामाची मुलगी चालते त्या समाजात म्हणूनच कोणत्याही पिढीत उभे राहून पाहा, चित्र एकच दिसते. आजोबांच्या जागी नातू उभा केला, तरी भोवतालची माणसे आपापल्या जागी असतात.

माझ्या मते आत्यांचे सारे बळ यात आहे. त्यांना सून नको असते. त्यांना आपण सोडून आलेले घर पुन्हा तसेच मांडलेले हवे असते.

सरांचा स्वतःचा जीव मात्र आणखी पुढच्या एका प्रश्नात अडकला आहे, आणि तो न सांगितल्यास ते माझ्याशी बोलणार नाहीत. ग्रुपमधल्या प्रत्येकाचे नाव असे बदला, की प्रत्येकाचे जुने नाव आणि नवे नाव परस्परांशी क्रमनिरपेक्ष राहील. हर्स्टाइन या गणितज्ञाने १९८४ साली एका अमेरिकन मासिकात प्रश्न टाकला, की ज्यांचे आतून तुकडे पडत नाहीत आणि ज्यांत क्रमनिरपेक्षताही सर्वत्र नाही, अशा ग्रुपमध्ये असे नामांतर किती? उत्तर: एकच, कोणाचेच नाव न बदलण्याचे. इतर ग्रुपमध्ये मात्र अशी नामांतरे पुष्कळ निघतात. तशी दोन एकामागून एक केली तर मिळणारे नामांतरही तसेच सलोख्याचे असेल का? कोणालाही वाटेल, असणारच. २००२ साली एका निबंधात दाखवून दिले गेले, की नेहमीच नाही. याचा व्याह्या-व्याह्यांच्या संबंधांशी काही धागा जोडण्याचा मला मोह झाला होता. सरांनी जोडू दिला नाही.

हे सगळे समजल्यावर मी त्यांना विचारले, "सर, यात मुलीला विचारले कुठे?" सर चष्मा पुसत म्हणाले, "पहिल्या गृहीतकात नाही विचारले." बरोबर आहे. प्रत्येकाला एकाच प्रकारचे लग्न करता येते, हेच तर वेयचे पहिले वाक्य. त्यात चूक काही नाही. ऑस्ट्रेलियातल्या त्या लोकांचा नियमच तसा होता. आपला समाज इतक्या नेमाने कधीच चालला नाही. मामाला मुलगी नसते, असली तर वयाने मोठी असते, किंवा एम. ए. करत असते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भावाच्या आणि बहिणीच्या मुलांचे लग्न निषिद्ध नात्यांत घातले, पण दोन्हीकडे तशी रूढी असेल तर मोकळीक ठेवली. डॉक्टर मंडळींचा हिशेब वेगळाच. मामे-आते भावंडांत जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा सामाईक असतो, आणि त्यांच्या मुलात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याचा संभव सोळात एक. पिढ्यान्‌पिढ्या असेच चालले तर तो वाढत जातो. हे मला बावीस वर्षांची असताना ठाऊक असते, तर मी ते कारण म्हणून पुढे केले असते आणि सुटले असते. बरे झाले ठाऊक नव्हते. ते माझे कारण नव्हतेच.

गेल्या दिवाळीत बाबांना बरे नव्हते, म्हणून भाऊबिजेला आत्याच आमच्याकडे वाशिमला आली. आता तिला पंचाहत्तरी उलटली आहे. ओवाळून झाल्यावर पाटावर पानसुपारीचे तबक होते. मी तीन सुपाऱ्या उचलल्या आणि जमिनीवर तिकोनात मांडल्या. म्हटलं, "आत्या, हे तुझं माहेर. ही तुझी सासरवाडी. हे तिसरं, तुझी लेक दिली ते घर." आणि तीन घराण्यांचा सारा खेळ तिला सांगितला, मुली कशा पुढेच जातात, मागे कशा येत नाहीत, ते.

ती बराच वेळ सुपाऱ्यांकडे पाहत राहिली. मग बोटाने मोजू लागली. माझ्या माहेरची मी, गेली इथं. माझी लेक, गेली तिथं. तिची लेक...

तिचे बोट पहिल्या सुपारीवर येऊन थांबले. बाबांकडे वळून ती म्हणाली, "म्हंजे नात येते ना रे घरी. पायतं का, माही नात येते." बाबा म्हणाले, "येते तं." मग तिने ती सुपारी उचलून अडकित्त्यात धरली, आणि आज जेवायला काय केले आहे असे मला विचारले.